चरबी कुठली, खळी कुठली

दुखणं घेऊन येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, सोबत एखादा किस्सा आणतो. दुखणं महिन्या-दोन महिन्यांत बरं होऊन आपल्या घरी जातं. किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो. अशाने माझं मालवणातलं दोन खोल्यांचं क्लिनिक भरून गेलंय बघा!

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर कणकवलीकडचं, भातशेतीवालं. समुद्र म्हणजे लांबून नमस्कार करायची गोष्ट, असं मानणाऱ्या घरातली. लग्न होऊन मालवणात आले, बाजारापासून जवळच क्लिनिक टाकलं, आणि दुपारी चार ते पाच बायकांची व्यायामाची बॅच सुरू केली. बॅचमध्ये मासे विकणाऱ्या आहेत, शाळेत शिकवणाऱ्या आहेत, नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्याही आहेत. गुडघा, कंबर, मान ही कारणं. मूळ विषय एकच, चरबी!

त्यातही एक प्रश्न प्रत्येकीच्या पोटात असतो आणि दार लावल्याशिवाय ओठांवर येत नाही. मांडीवर मागच्या बाजूला पडणाऱ्या त्या बारीक खळ्या. इंग्रजीत सेल्युलाइट. गालावर पडली तर कौतुक आणि मांडीवर पडली तर रडारड! ती चरबीच, असं समजून बायका उपास करतात, क्रीम चोळतात. आमच्या दर्शनाने तर या खळ्यांपायी हातातोंडाशी आलेली नोकरी घालवायची वेळ आणली होती. तिचं पुढे येईलच. आधी तिच्या आत्याला भेटा, कारण त्या बाईला भेटल्याशिवाय आमच्या क्लिनिकात कुणालाच पुढे जाता येत नाही.

*

आत्या म्हणजे शेवंतीकाकी. वय साठीच्या आसपास, वजन ऐंशीच्या वर, आवाज बंदरापासून बाजारापर्यंत. गुडघ्यासाठी आली होती.

तेव्हा मी नवीन मशीन घेतलं होतं. त्यावर अनवाणी उभं राहिलं की अंगात चरबी किती, पाणी किती, स्नायू किती, सगळं स्क्रीनवर. पायातून बारीकसा करंट जातो आणि त्यावरून मशीन हिशेब लावतं. मला त्याचा कोण अभिमान!

काकी थेट बाजारातून आली. मासळीच्या टोपल्या उचलून, बर्फाच्या नि मिठाच्या पाण्यात पाय भिजवून. तशीच टपटपत्या पायांनी मशीनवर उभी राहिली. मशीन दोन मिनिटं विचारात पडलं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'ॲथलीट'!

"ह्यां काय म्हणता गो?"

"काकी, ते म्हणतंय तुम्ही खेळाडू आहात."

"मगे! तीस वर्सां डोक्यार पाटी घेऊन धावतंय, तां काय उगीच?"

माझ्या लक्षात घोटाळा आला. खाऱ्या पाण्यातून करंट सुळकन गेला होता आणि मशीनला वाटलं, अंगात अडवायला चरबीच नाही! मी तिचे पाय धुतले, टॉवेलने कोरडे केले, पुन्हा उभं केलं. आता मशीनने जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, काकी वाचून दाखवायला लावेल. ती स्क्रीनकडे बघत थंडपणे म्हणाली, "पयल्यांदा खरां बोललां होतां. तू पुसलंस आणि बिघडलां!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं की डॉक्टरणीच्या मशीनने शेवंतीला खेळाडू ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून पाच जणी मशीन बघायला आल्या. सगळ्या ओल्या पायांनी!

*

सुमनबाई प्राथमिक शाळेत शिकवतात. वाऱ्यावर उडतील अशा. एक दिवस आल्या, दार लावलं, खिडकी तपासली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "डॉक्टर, मला लठ्ठपणा झालाय."

मी वजन बघितलं. शेचाळीस किलो, तेही साडी आणि पर्स धरून!

झालं होतं असं की पुतण्याच्या लग्नासाठी त्या कणकवलीला ड्रेस घ्यायला गेल्या. ट्रायल रूममध्ये तिन्ही बाजूंना आरसे आणि डोक्यावर पांढराफटक लाइट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःची मांडी मागून पाहिली. जांभ्या चिऱ्यासारखी खळगे खळगे पडलेली! ड्रेस तिथेच टाकून आल्या. आठ दिवस रात्रीचं जेवण बंद.

मी त्यांच्या दंडाला चरबी मोजायचा चिमटा लावला, पोटाला लावला, मांडीला लावला. चिमटीत धरायला चरबी शोधावी लागली. मग समजावलं, "बाई, साधी चरबी चिमटीत धरली की तिची गुळगुळीत वळी येते. वजन उतरलं की तीही उतरते. खळीचं तसं नाही. कातडीखाली चरबीचा पातळ थर सगळ्यांनाच असतो, आणि त्यातून कातडीला धरून ठेवणारे धागे जातात. गादी भरणारा जिथे दोरा आवळतो तिथे खळगा पडतो आणि मधला कापूस फुगतो ना, तसं. तुम्ही कापूस कितीही काढा, दोरा आवळलेलाच राहणार. जाड बाईला असते, बारीक बाईला असते. वयात आलेल्या बहुतेक सगळ्या बायकांना असते. हा आजार नाही."

"मग पुरुषांना?"

"त्यांचे धागे वेगळे विणलेत. त्यांना क्वचितच."

सुमनबाई जरा वेळ देवाच्या या पक्षपाताचा विचार करत बसल्या. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. शेवंतीकाकी गुडघ्याला शेक घेत पडली होती आणि तिने शब्द न् शब्द ऐकला होता!

"बाई, दुकानवाल्याक लाइट बदलूक सांगा. मांडी कशाक बदलतास?"

सुमनबाई इतक्या हसल्या की रडू कुठल्या कुठे गेलं. त्या रात्री जेवल्या, पुढच्या रविवारी जाऊन ड्रेस घेऊन आल्या. मी आठ मिनिटं शास्त्र सांगत होते आणि काकीने एका वाक्यात काम केलं.

*

आता दर्शना. काकीच्या भावाची मुलगी, वय बावीस. लहानपणापासून पाण्यात. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना समुद्राखाली नेणारं एक डायव्हिंग सेंटर आहे, तिथे बोटीवर मदतनीस होती. पाहुण्यांना मास्क देणं, वजनाचा बेल्ट बांधणं, उलटी झाली तर पाठ चोळणं. तिला व्हायचं होतं गाईड. पाहुण्याचा हात धरून खाली नेणारी आणि परत वर आणणारी. आमच्या बॅचमध्ये यायची ते ताकद वाढवायला, असं मला वाटत होतं.

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस काकी तिला जवळजवळ ओढतच घेऊन आली. पोरगी पाय फाकवून चालत होती. दोन्ही मांड्या लालबुंद, सोलवटलेल्या.

"इचार तिका काय केल्यान तां!"

मग काकीनेच सांगितलं. गाईड झाली की सेंटरचा युनिफॉर्म म्हणजे रबरी शॉर्ट सूट, गुडघ्याच्या बराच वर. दर्शनाच्या मांडीला खळ्या. क्रीम झालं, मसाज झाला. शेवटी तिने घरचं शास्त्र लावलं. बांगड्याला मीठ लावून उन्हात घातला की त्यातलं सगळं पाणी नि तेल बाहेर येतं की नाही? मग मांडीतून का येणार नाही? काकीच्या सुक्या मासळीचं जाडं मीठ घेतलं, दोन्ही मांड्यांना चोळलं आणि बाईसाहेब गच्चीवर उन्हात दीड तास पडून राहिल्या!

"तिच्या बाजूक तीन मांजरां बसलेली!" काकी म्हणाली. "तेंका वाटलां सुकट घातल्यानी!"

मला हसू आवरेना. मी मलम लावलं. पण लावता लावता दर्शनाचा चेहरा बघितला आणि हसू थांबलं. ती हळूच मला म्हणाली, "वैनी, मीठ कमी पडलां काय?"

जिला एवढं होऊनही हाच प्रश्न पडतो, तिचं काय करायचं?

*

गाईडच्या परीक्षेत शेवटची पायरी अशी असते. खोल पाण्यात एक दमलेला पाहुणा. म्हणजे कुणीतरी दमल्याचं सोंग घेतं. गाईडने त्याला ओढत बोटीपर्यंत आणायचं, मग आधी स्वतः शिडीने वर चढायचं आणि वरून हात देऊन त्याला चढवायचं. शिडी बोटीच्या मागे, सरळ उभी. चढणारा वर आणि बाकी सगळे पाण्यात खाली. म्हणजे खालून सगळ्यांना काय दिसणार ते सांगायला नको!

दसऱ्याच्या आधी दर्शनाची परीक्षा झाली. लेगिंग घालायची परवानगी सेंटरच्या सरांनी दिली होती, पण ओली लेगिंग म्हणजे चुगलखोर. तिच्यात तर खळ्या अजून उठून दिसतात. तेव्हा शॉर्ट सूटच घातला. पाहुण्याला झकास ओढत आणलं. शिडीपाशी आली आणि शिडीचा दांडा धरून लटकून राहिली.

"चढ," सर म्हणाले.

"तुम्ही सगळे व्हा पुढे. मी मागनं येतंय."

असं तीन वेळा. पाहुणा पाण्यात, गाईड पाण्यात, शिडी रिकामी! शेवटी सर चिडले. "दमलेल्या माणसाला पाण्यात ठेवून तू लाजत बसणार? उद्या खरोखर कुणी बुडत असला तर?"

नापास. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. सर भला माणूस, त्यांनी आणखी एक संधी दिली, दिवाळीच्या गर्दीच्या आधी. तीन आठवडे. तेव्हाही शिडी चढली नाही तर गाईड दुसरा कुणी, आणि दर्शना जन्मभर बेल्ट बांधायला.

यावर दर्शनाने काय करावं? पेज बंद केली. भात बंद, मासे बंद! कोळ्याची पोर काळा चहा पिऊन पोहायला जाऊ लागली. तीन आठवड्यांत मांडी गुळगुळीत करायची, असा तिचा हट्ट. बॅचमध्ये स्क्वॉट मारताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. गादी, दोरा, कापूस, मी सगळं पुन्हा सांगितलं. ती मान हलवायची आणि ऐकायची नाही. मला तिचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

*

सुमनबाईंचे यजमान म्हणजे मास्तर. निवृत्त, गोलमटोल आणि प्रत्येक विषयावर मत असलेले. बायकोला न्यायला येत आणि बाहेरच्या बाकावर बसून आमची चर्चा ऐकत. एक दिवस त्यांना राहवेना. आत आले, शर्ट वर केला आणि पोटावर थाप मारून म्हणाले, "हे बघा! एक खळी दाखवा! निव्वळ गुळगुळीत!"

पोट खरोखर गुळगुळीत होतं. ढोल वाजावा तसं वाजलंही!

मी चिमटा घेतला. चिमटीत काही येईना. कातडी ताणलेली, खाली कडक. मला बरं वाटलं नाही. जी चरबी चिमटीत येते ती निदान बाहेर तरी असते. ही आत, आतड्यांभोवती, यकृताभोवती दडून बसलेली. तिला खळी पडत नाही, ती दिसत नाही, पण खरी काळजी करायची तर तिचीच. मी त्यांना रक्त तपासायला पाठवलं. साखर इतकी वर की लॅबवाल्याने स्वतःच्या मशीनवर संशय घेऊन पुन्हा रक्त मागवलं!

सुमनबाई मास्तरांचा नवा आणि आपला जुना रिपोर्ट हातात घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे सगळे आकडे नॉर्मल, खळ्यांसकट. मास्तरांचे सगळे लाल, गुळगुळीत पोटासकट.

"बघा डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी आपली खिडक्या-दारं लावून खळ्या लपवत बसले, आणि दरोडेखोर शर्टाच्या आत बसला होता!"

मास्तरांची गोळी सुरू झाली, चालणं सुरू झालं. शर्ट मात्र त्या दिवसापासून खालीच असतो.

*

हा किस्सा सांगताना मला अजून स्वतःची लाज वाटते आणि काकीपुढे हात जोडावेसे वाटतात.

देवबागहून एक बाई आली. "पाय जाड झालेत, चरबी उतरवायची आहे." बॅचची वेळ, गर्दी, मी तिला सायकलवर बसवलं आणि दुसरीकडे वळले. शेवंतीकाकी शेजारच्या खुर्चीवर. तिने विचारलं नाही, सांगितलं नाही, खाली वाकून त्या बाईच्या नडगीवर अंगठा दाबला. जरा वेळ दाबून धरला. मग उचलला आणि बघत राहिली.

"बाय, हय ये. खड्डो तसोच रवलो."

मी जाऊन बघितलं. अंगठ्याएवढा खड्डा, भरून येईना.

"ही चरबी नाय," काकी म्हणाली. "चरबी दाबलस काय परत वर येता. ह्यां पाणी. हिका आजच्या आज मोठ्या डॉक्टराकडे धाड."

पहिल्या वर्षाला शिकवतात हो हे आम्हाला! मी शिकलेली, मी विसरलेली. तिला त्याच संध्याकाळी फिजिशियनकडे नेलं. हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं, म्हणून पायात पाणी साठत होतं. वेळेवर औषध सुरू झालं. आज ती बाई हिंडती-फिरती आहे.

मी काकीला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"बांगडो दाबून बघतंय मी रोज. ताजो आसलो तर उसळता. खड्डो रवलो तर समजायचां, आत बिघाड."

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. काळाकुट्ट, चिरा पडलेला, मिठाने खाल्लेला अंगठा. माझ्या एवढ्या महागड्या मशीनला जे जमलं नसतं ते त्याने चार मोजायच्या आत केलं होतं!

काकीने मग तोच अंगठा दर्शनाच्या मांडीवर टेकवला, दाबला, सोडला. "उसळली! ताजी फडफडीत आसा!"

सगळ्या हसल्या. दर्शना नाही हसली. तिच्या परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि तिचा चेहरा सुकून गेला होता.

*

त्या रविवारी बॅचची पिकनिक काढली. दर्शनाच्याच सेंटरची बोट. सुमनबाई होत्या, मास्तर होते, काकी होती. काकी जन्म समुद्राकाठी काढून पाण्यात कधी उतरली नाही. "माशे पाण्यात, मी बाजारात," हा तिचा नियम.

मास्तरांना समुद्राखाली जायचं होतं. साखरेचं ऐकल्यावर सरांनी साफ नकार दिला. कमरेला दोरी, बोटीला धरून हातभर खाली डोकं घालायचं, एवढीच परवानगी. त्यालाही बेल्ट लागतो, त्यात एकेक किलोची शिसं ओवलेली. नाहीतर माणूस खाली जातच नाही, वर येतो.

दर्शनाने मास्तरांकडे एक नजर टाकली, पोटावर क्षणभर रोखली आणि म्हणाली, "आठ."

"आठ? मघाच्या त्या पाहुण्या मुलाला चार दिलीस!"

"तेका चार पुरे. तुमका आठ लागतले."

मास्तर कुठे ऐकतात! चारच घेऊन उतरले. डोकं खाली घातलं की पाय वर, पाय खाली दाबले की पोट वर! बुचासारखे तरंगत राहिले. सरांनी दोरी धरली होती म्हणून ठीक. अखेर वर येऊन मुकाट्याने आठ लावली आणि अलगद खाली गेले. अर्ध्या मिनिटाने बाहेर आले ते लहान मुलासारखे ओरडत, "निळा मासा! सुमन, निळा मासा!"

मी थक्क होऊन दर्शनाला विचारलं, "तुला नुसतं बघून कसं कळतं?"

"त्यात काय वैनी? चरबी तरंगता. पोटाची, पाठीची, सगळी. हाडां नि मांस बुडता. जितकी चरबी जास्ती तितकां शिसां जास्ती. दोन वर्सां बेल्ट बांधतंय, आता चुकणा नाय."

चरबी मोजायची जुनी, भरवशाची पद्धत म्हणून मी पुस्तकात हेच वाचलं होतं. माणसाला पाण्याखाली बसवून तोलायचं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ही पोरगी रोज करत होती, समुद्राचा तराजू लावून!

बोट परत निघाली, तेवढ्यात काकीने विचारलं. ती बोटीच्या मध्यावर, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसली होती.

"आणि तुका किती लागतत गो?"

"माका? दोन."

"मास्तराएवढ्याच जाड रबराच्या सुटात?"

"व्हय."

"बोटीर सगळ्यात कमी कोणाक?"

दर्शनाने हातातला बेल्ट खाली ठेवला.

काकीने फळी सोडली, चालत्या बोटीत सोडली, आणि तर्जनी नाचवत म्हणाली, "मास्तराक आठ, तुका दोन! मगे चरबी खंय हा गो तुझी? दर्यान तोलून सांगल्यान तुका, आणखी कोणी सांगाक होया?"

मी महिनाभर गादीचा दोरा समजावत होते. पोरीकडे उत्तर दोन वर्षांपासून होतं, रोज कमरेला बांधलेलं.

दर्शनाने काकीचा डबा ओढला आणि घावणे खायला लागली. चार खाल्ले. पाचव्याला काकीचे डोळे भरून आले, तेव्हा तिने तोंड वळवून मास्तरांवर उगाच ओरडायला सुरुवात केली.

*

खाणं सुरू झालं म्हणजे लाज गेली असं नव्हे. मला ठाऊक होतं, डोक्याला पटतं आणि पाय तिथेच अडतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी दर्शना मला म्हणाली, "वैनी, चरबी नाय तां समाजलां. पण दिसतली ती दिसतलीच ना!"

दिसणारच होती.

या वेळी सर म्हणाले, सोंग घेणारा पाहुणा नको. खरोखर घाबरणारं माणूस पाहिजे. काकीने विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच! हिका चहाच्या बशीत पण बुडूची भीती वाटता!"

झालं! सकाळी आठ वाजता मी बोटीवर. मला पण तोच शॉर्ट सूट दिला. आणि खरं सांगते, बायकांना वर्षानुवर्षं "हा आजार नाही, लाजू नका" असं सांगणारी मी, बोट थांबेपर्यंत कमरेला टॉवेल गुंडाळून बसले होते! माझ्याही मांडीला आहेत खळ्या. चांगल्या ऐसपैस आहेत. दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं.

सेंटरची नेहमीची बोट दुरुस्तीला होती, ही दुसऱ्याची आणलेली. सर पाण्यात, परीक्षेला बसलेले आणखी दोन मुलगे पाण्यात. जाकीट फुगवून मला सोडलं. पहिल्याच लाटेने नाकात खारं पाणी गेलं आणि मी सोंग-बिंग विसरून खरोखर किंचाळले. हात आपटायला लागले. बोट लांब चालली होती असं वाटलं.

मागून एक हात आला, जाकिटाची पट्टी पकडली आणि मला उताणं केलं.

"वैनी, आभाळाकडे बघा. बाकी माका सोपवा."

मी आभाळाकडे बघितलं. आणि मग ते जाणवलं. पाठीखाली, पाण्यात, एका लयीत चाललेले तिचे पाय. प्रत्येक फटक्याला मी, माझं वजन, माझी भीती, सगळं हातभर पुढे सरकत होतं. ती धापा टाकत नव्हती. लाट आली की पायांचा जोर वाढायचा, लाट गेली की कमी. आयुष्यात कुणी मला इतक्या सहज उचलून नेलं नव्हतं. मी शेकडो मांड्या तपासल्यात. मांडी म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

शिडीपाशी आलो. दर्शनाने माझा हात दांड्यावर ठेवला, पायांतल्या रबरी फिन्स काढून बोटीत फेकल्या, आणि थांबली.

सर आणि दोन्ही मुलगे मागून पोहत येऊन पोहोचले. मी दांडा धरून लाटेबरोबर वर-खाली होत होते. बोटीवर शेवंतीकाकी उभी होती, तोंडावर पदर दाबून. पोरीची सगळी दोन वर्षं त्या लोखंडी पायऱ्यांवर येऊन थांबली होती.

दर्शनाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसरी चाचपली. दुसरी गंजून एका बाजूने सुटली होती, पाण्याखाली असल्यामुळे कुणाला दिसली नव्हती. नवखा माणूस पाय टाकता तर घसरून खाली गेला असता. तिने ती सोडली, लांब टांग टाकून तिसरीवर चढली, चौथीवर चढली, पाण्याच्या पूर्ण वर आली. सकाळचं ऊन थेट तिच्या पाठीवर, पायांवर. सगळं लख्ख दिसत होतं.

तिथे ती परत थांबली. मला वाटलं, संपलं.

तिने मान वळवून खाली आम्हा चौघांकडे पाहिलं. आणि बोटीवर पाहुण्यांशी बोलतात तशा ठणठणीत, शुद्ध मराठीत ओरडली,

"सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघा!"

आम्ही बघितलं.

"नीट बघा! दुसरी पायरी सोडायची, पाय इथे टाकायचा. परत दाखवते!"

आणि पहिल्या पायरीपर्यंत खाली उतरून ती पुन्हा चढली. सावकाश.